गेटामागची ऐरण

वर्कशॉप बंद केलं आणि वडिलांची हत्यारं पुंडलिकनगरच्या घरी आणली. ऐरण, घण, वस्तू जबड्यात आवळून धरणारा व्हाइस आणि हातभर लांब पाइप पाना. बायको म्हणाली, "दसऱ्याच्या आत ह्यांचा घरात काय उपेग ते दाखवा. नायतर भंगारात." घणाचा दांडा वडिलांच्या मुठीनं झिजलेला. तो मी भंगारात जाऊ देणार नव्हतो.

मग मी पेटलो. गेटची कडी मोडली होती, तिथं आतून ऐरण टेकवली. उंदीर झाकण पाडायचे म्हणून पिठाच्या डब्यावर घण ठेवला. पाइप पान्यानं बरण्यांची झाकणं उघडायला लागलो. दोन बरण्या फुटल्या, पण झाकणं निघाली. व्हाइस ओट्याला बसवला आणि श्रीखंडाचा चक्का त्यात आवळला. बायकोनं काचा झाडल्या आणि कॅलेंडरात दसऱ्यावर बोट ठेवलं. हे लक्षण काही चांगलं नव्हतं.

खंडेनवमी उजाडली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि पूजा झालेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत जागचं हलवायचं नाही. बायकोचा हात सवयीनं फिरत गेला. स्कूटर, मिक्सर, विळी आणि त्याच ओघात ऐरण, घण, व्हाइस, पाना. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू. बाईसाहेबांच्या ध्यानात आलं तोवर पीठ घणाखाली, चक्का व्हाइसमध्ये आणि आम्ही दोघं गेटाच्या आत अडकलो होतो. दुधासाठी मी या वयात कंपाउंडची भिंत चढलो. शेजाऱ्यानं विचारलं, चावी हरवली का? म्हटलं, नाही, पूजा झालीय.

दुपारी भंगारवाला आला. तिनंच त्याला आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. गेट हलवून तो ओरडला, "भाभी, खोलो की! काटाबी आणलाय."

ती ऐरणीपाशी गेली. वाकली, दोन्ही हात लावले. मी पायरीवर बसलो होतो. रीत तिला मी सांगणार नव्हतो. सांगितलं असतं तर मुद्दाम हलवली असती. तिनं घसरलेला झेंडू सरळ केला आणि उभी राहिली.

"नाय भाऊ. आज नाय अन् उद्याबी नाय. कामातली हायेत ती."

तो पुटपुटत गेला. माझे डोळे भरून आले, लपवता आले नाहीत.

"रडताय काय," ती म्हणाली. "भिंत चढा अन् कोपऱ्यावरनं पोळ्या घेऊन या."