खोर फक्कानचा तो शुक्रवार

जयवंतकाका गेल्याचं त्यांच्या मुलीने, सुजाताने, फोन करून कळवलं, त्याला आता पाच आठवडे झाले. ती रडत नव्हती. ‘बाबा पहाटे गेले. तुम्हांला कळवायचं त्यांनी सांगून ठेवलं होतं,’ एवढंच म्हणाली. आमची ओळख अशी नाहीच. पण आम्ही एका वयाच्या आहोत, आणि जे वडील शाळेच्या वयात तिला मिळायला हवे होते, ते दर शुक्रवारी सकाळी दोन-तीन तास मला मिळत होते. हे तिलाही ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही अबू धाबीत राहत होतो. बाबा मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत ॲडमिन मॅनेजर होते आणि जयवंतकाका तिथेच वेल्डर. वेंगुर्ल्याकडच्या खाडीकाठच्या गावातला हा माणूस कंपनीच्या कँपमध्ये एका खोलीत सात जणांबरोबर राहायचा. मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते आमच्या बाल्कनीला ग्रिल बसवायला आले तेव्हा. मी नववीत होते. जिवलग मैत्रीण कॅनडाला गेली होती, आणि शाळेची बस, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, परत शाळेची बस, याखेरीज मला काही नव्हतं. मी घरात बोलणंच सोडलं होतं. बाबांनी कुठे जायचं विचारलं की ‘आय डोन्ट वॉन्ट टू गो एनीव्हेअर’ म्हणून दार लावून घ्यायची. त्या दिवशी काकांच्या बोटावर खोल चिरा दिसल्या म्हणून मी विचारलं, हे कशाने झालं? ते म्हणाले, ‘गळाच्या दोरीन, बाय. मोठो मासो ओढता तेव्हा कापता.’ कितीतरी दिवसांनी मी कुणाला तरी आपणहून काही विचारलं होतं. आतून आईने ते ऐकलं आणि रात्री बाबांना सांगितलं.

तिथून आमचे मासे धरायचे शुक्रवार सुरू झाले; तिथे सुट्टी शुक्रवारी असायची. बाबा गाडी चालवायचे, काका पुढे बसायचे, मी मागे, कोळंबीची पिशवी पायाशी धरून. जागा मिळाली की काका आणि मी पाण्याकडे जायचो. बाबा मात्र एसी चालू ठेवून गाडीतच बसायचे, पुण्याहून आलेले जुने पेपर वाचत. आधी कॉर्निशच्या, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याच्या, कठड्यावर गेलो, तर तिथे इतके जण होते की माझी दोरी दोघा पठाणांच्या दोऱ्यांत गुंतली. मग मक्ता पुलाखाली. तिथे पाण्याला ओढ चांगली होती, पण तिसऱ्याच शुक्रवारी पोलीस आला आणि ‘यल्ला, खलास’ म्हणत त्याने आम्हांला हाकललं. मग बंदराच्या मागचा दगडी बांध सापडला. तिथे माझ्या गळाला पहिला शेरी मासा लागला, हातभर लांब. मी इतक्या जोरात ओरडले की बाबा पेपर टाकून गाडीबाहेर आले.

मासे मिळाले तरी काकांना एकही जागा पसंत पडायची नाही. ‘ह्यां पाणी कोंडलेलां असा, बाय,’ ते म्हणायचे. ‘ह्याका भरती येता, पण लाट येत नाय.’ मी भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशात बघितलं तर ते खरंच होतं. आखाताला सगळीकडून जमीन, आणि बाहेर पडायला एकच चिंचोळी वाट. काकांनी नकाशा कधी पाहिला नव्हता.

एकदा बांधावर बसलेले असताना मी विचारलं, ‘काका, तुम्ही गावी कधी जाणार?’ त्यांनी मागे वळून आमच्या गाडीकडे एक नजर टाकली, आणि म्हणाले, ‘साहेब सांगतील तेव्हा.’ कंपनीत सगळ्या कामगारांचे पासपोर्ट एका लोखंडी कपाटात असायचे आणि किल्ली बाबांकडे असायची. हे मला आधीपासून माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र मला त्या दिवशी कळला. काकांची आई अंथरुणाला खिळली होती. त्यांनी सुट्टीचा अर्ज दोनदा केला होता. मोठं काम हातात होतं, वरून सगळ्यांच्या सुट्ट्या बंद होत्या, आणि अर्जावर सही नाकारणारे हात बाबांचे होते. रात्री जेवताना मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘मागे एकाला पासपोर्ट दिला, तो परतच आला नाही. मलाही वर उत्तर द्यावं लागतं गं. माझाही व्हिसा त्यांच्याच हातात आहे.’ आणि वरण वाढून घेतलं.

मग एका गुरुवारी संध्याकाळी बाबा घरी आले आणि म्हणाले, उद्या डोंगरापलीकडे खोर फक्कानला जाऊ, जयवंतला उघडा समुद्र बघायचाय ना. आम्ही पहाटे निघालो. डोंगर ओलांडून खाली उतरलो आणि समोर तो समुद्र दिसला... लाटा असलेला. कंटेनरच्या क्रेन मागे टाकून आम्ही एका खडकाळ टोकाशी गेलो. काकांनी गळ बराच वेळ टाकलाच नाही. बोट समोर धरून म्हणाले, ‘हयसून सरळ गेला की आमचो गाव.’ मग सकाळभर आम्ही मासे धरले. काका मोठमोठ्याने हसत होते, आणि त्या दिवशी बाबासुद्धा विजार दुमडून खडकावर येऊन बसले होते.

परतताना मसाफीच्या बाजारात चहाला थांबलो. बाबांनी चहा संपवला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, ‘जयवंत, काल दुपारी ऑफिसात तुझ्या भावाचा फोन आला होता. आई गेली रे.’

बाबाच घाईघाईने बोलत राहिले, ‘म्हटलं, एक दिवस तरी तुझा आनंदात जावा. कालच सांगून तरी काय, तुला जाता थोडंच येणार होतं...’

‘सकाळी सांगितलं असतंत साहेब,’ काका म्हणाले, ‘तर मी अंघोळ तरी केली असती. समुद्र समोर होता.’

‘गाडी मागे घेऊ का? अजून घेता येईल.’

‘नको. बाय दमलीय.’

हॉटेलच्या मागे एक नळ होता. काका कपड्यांसकट त्याच्याखाली बसले. कुणी तरी गिऱ्हाईक बघून हसलं. ते तसेच निथळत गाडीत येऊन बसले, आणि बाबांनी एसी बंद केला. ऐन उन्हात, काचा उतरवून, आम्ही चार तासांनी घरी आलो.

त्यानंतर शुक्रवारी जाणं थांबलं. बोलावलं तरी काका ‘ओव्हरटाइम असा’ म्हणायचे. पासपोर्ट त्यांना काम संपल्यावर मिळाला. ते गावी जाऊन आले, आणि पुढची काही वर्षं अबू धाबीतच राबून एकदाचे घरी परतले. दोन हजार तीन-चारच्या सुमारास मी त्यांच्या गावी गेले होते. तेव्हा त्यांनी मला खाडीच्या मुखाशी नेलं. मी धीर करून विचारलं, ‘काका, त्या दिवसाचा राग येतो का हो अजून?’ ते म्हणाले, ‘येता तर! आई होती ती माझी.’ मग गळाला कोळंबी लावून दोरी माझ्या हातात दिली.

मी आता पुण्यात एका हॉस्पिटलात काम करते. नातेवाइकांना वाईट बातमी सांगण्याची वेळ माझ्यावर वरचेवर येते. ‘त्यांचा डबा खाऊन होऊ दे,’ ‘मुलगा पोचू दे मग सांगा,’ असं सहकारी म्हणतात. मी थांबत नाही. माझ्यात काकांचं काही उरलं असेल तर ते हे.

सुजाताचा फोन आला तेव्हा बाबा जेवत होते. ते आता ऐंशीचे आहेत. त्यांचं जेवण होईपर्यंत थांब, असं नवऱ्याने मला खुणेने सांगितलं. मी बाबांच्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘बाबा, जयवंतकाका आज पहाटे गेले.’

हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला.

‘लगेच सांगितलंस,’ ते म्हणाले. ‘बरं केलंस.’