खुरटलेली मोहरी

मंगळवार पेठेत रागीट मास्तर म्हणून माझी ख्याती होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. त्या वर्षी आंबा घाटातल्या वनस्पतींच्या सर्वेक्षणाला आमच्या वर्गातून एकालाच न्यायचं होतं. अट अशी, की रानात आपोआप उगवलेली रोपं मुळासकट दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून आणायची. पेरलेलं एक जरी निघालं तरी बाद.

नेसरीची एक पोरगी होती, हॉस्टेलवर राहायची. घाटात जायचा तिला नुसता ध्यास लागलेला. तिचे कागद सगळ्यांत सुरेख होते. पण आठवड्यापूर्वीच तिनं भर वर्गात माझी चूक काढली होती, आणि ते माझ्या डोक्यात होतं.

शेवटच्या कागदावर वीतभर रोप होतं. चार पाकळ्यांची इवली पिवळी फुलं, बारीक शेंगा.

"ही मोहरी हाय," मी म्हटलं. "आईच्या फोडणीच्या डब्यातनं पेरलीस काय गं?"

वर्ग खिदळला.

"न्हाय सर. कूळ मोहरीचंच हाय, पण हे रानटी हाय. पाटाच्या कडंला आपोआप येतंय. दरसाल बघतोय की आम्ही."

"खत मिळालं न्हाई म्हणून खुरटलीय. तुझ्यासारखीच."

ती उंचीनं बुटकी होती. सगळी पोरं पोट धरून हसली. मी कागद टराटरा फाडला आणि तिच्याच हातात दिला. ती रडली नाही, याचाही मला राग आला.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेच्या काठानं फिरत होतो. ओल्या मातीत तीच रोपं, रांगच्या रांग. तिथं कोण मोहरी पेरतंय? घरी येऊन पुस्तक काढलं, शेंग ताडून बघितली. पोरगी बरोबर होती.

निवडीचं पत्र अजून माझ्या टेबलावरच होतं. नाव बदलायला दोन मिनिटं लागली असती. लाज वाटली, नाही असं नाही. पण स्टाफरूममध्ये हसतील ही धास्ती जास्त. पडलो तरी नाक वर! दुसऱ्याच पोराचं नाव धाडलं. तिनं वर्षअखेरीला विषय सोडला.

गेल्या महिन्यात ती मंडईत भेटली. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. भर गर्दीत वाकून पाया पडली.

"सर, हिला बी झाडांचं लई याड हाय. परवा कसलं तर रोप आणून म्हणाली, हे येगळंच हाय. मी म्हटलं, गप बस, आपल्याला काय कळतंय त्यातलं? मी बी उगंच हट्ट केलता तुमच्यासंगं. मोहरीच होती की न्हाय ती?"

मुलगी मान वर करून माझ्याकडं बघत होती.

"व्हय," मी म्हणालो, "मोहरीच होती."