कमरेत सैल

माझी आत्या शिंपीण होती, पण कापडाला तिनं आयुष्यात फारशी कात्री लावली नाही. ती रबर कापायची. श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जाणारे आणि तिथे भाला मारून मासे धरणारे जे लोक असतात, त्यांचे वेटसूट ती शिवायची. बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पुढच्या खोलीत आतोबा पायात चढवायचे फिन आणि पाण्यात बघायचे मुखवटे विकायचे, मागच्या खोलीत आत्या बसायची. तिथली खिडकी बाराही महिने उघडी, कारण रबर चिकटवायच्या गोंदाचा वास डोक्यात जायचा. कडाक्याच्या थंडीतही ती डोक्याला शाल गुंडाळून त्या उघड्या खिडकीत काम करत असायची. आम्ही कुरकुर केली की म्हणायची, "तुम्ही आत जा. मला सवय आहे."

आतोबांना सगळं बंदर कप्तान म्हणायचं. त्यांच्याकडे साधी होडीही नव्हती. तरुणपणी एकदा कुणाची तरी होडी धक्क्याला लावून देतो म्हणाले आणि ती धक्क्याच्या भिंतीवर लावली, तेव्हापासून ते कप्तान. ही गोष्ट ते स्वतःच गिऱ्हाइकांना रंगवून सांगत. आठवड्यातून दोनदा ते मिस्त्रींबरोबर समुद्रात उतरत. मिस्त्री गवंडीकाम करायचे. दोघांची जोडी जुनी होती. एक खाली गेला की दुसऱ्यानं वर थांबून त्याच्यावर नजर ठेवायची, असा त्यांचा नेम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही.

फिन विकताना आतोबा गिऱ्हाइकाला आधी खुर्चीत बसवायचे. एकदा मी तिथे असताना एक पिळदार दंडांचा माणूस आला. त्याला भिंतीवरचे सगळ्यात लांब, सगळ्यात कडक पात्याचे कार्बनचे फिन हवे होते.

"रोज चालणं किती होतं?" आतोबांनी विचारलं.

"गाडी आहे माझ्याकडे."

"आणि पोहणं?"

"उन्हाळ्यात, जमेल तसं."

"मग हे पातं तुम्ही हलवणार नाही, ते तुम्हाला हलवेल. खाली जाताना मजा वाटेल. वर येताना पोटऱ्यांत गोळे येतील, आणि तिथे बसून पाय चोळायला दगड नसतो."

"पण सगळे हेच घेतात."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना? आमच्या धंद्यात पाय पाहून फिन घ्यावेत. हे मऊ प्लास्टिकचे न्या. खडकावर आपटले तरी तडकणार नाहीत. पुढच्या वर्षी पाय तयार झाले की या, मग कडक देतो."

तो माणूस जरा फुगून, पण मऊ फिन घेऊनच गेला. आतोबा स्वतः मात्र कडक पाती वापरायचे. त्यांच्या मांड्या तशा होत्या. पाण्यात दोनदा पाय मारला की दिसेनासे व्हायचे.

आत्याचं काम याहून नाजूक. या सूटच्या आतल्या बाजूला अस्तर नसतं. साबणाच्या पाण्यानं बुळबुळीत केल्याशिवाय तो अंगात चढत नाही, आणि एकदा चढला की ओल्या कागदासारखा चिकटून बसायला हवा. जिथे पोकळी राहील तिथे गार पाणी शिरतं आणि हललं की आतबाहेर करत राहतं. माणूस गारठला की श्वास पुरत नाही. उलट फार घट्ट झाला तर छाती फुगत नाही, म्हणजे तेव्हाही श्वास पुरत नाही. म्हणून मापं ती स्वतः घ्यायची. माणसं तिच्यासमोर उघड्या अंगानं उभी राहायला लाजायची, श्वास ओढून घ्यायची. ती म्हणायची, "पोट आत घेऊ नका. पाण्यात गेल्यावर ते परत बाहेर येणार आहे."

त्या वर्षी पानगळ सुरू झाली तेव्हा आतोबा एकदा समुद्रावरून नेहमीपेक्षा लवकर परतले. ओठ काळेनिळे पडले होते. म्हणाले, "पाठीत पाणी मुरतंय. रबर जुनं झालं, चेपलं असेल."

रबर जुनं होतं हे खरं, पण चेपलेला सूट पातळ होतो, सैल होत नाही. आत्यानं त्यांना मागच्या खोलीत उभं केलं आणि कमरेला टेप लावली.

"कमरेत सैल झालाय," ती म्हणाली.

"तूच टेप ओढून धरलीस."

"मी रोज धरते ती टेप."

"मग बरं झालं की. लोक बारीक व्हायला काय काय करतात. मला फुकटात मिळालं."

ती हसली. शिवण उसवून तिनं सूट दोन बोटं आत घेतला, कडा गोंद लावून दाबल्या, वरून बारीक टाके घातले. पुढच्या खेपेला ते दिवसभर समुद्रात राहिले, संध्याकाळी मासे घेऊन आले आणि म्हणाले, "आता कसा अंगासरसा बसला." हे शब्द आत्याला फार आवडले होते. नंतर तिनं मला तसं सांगितलं.

मग त्यांनी फिन बदलले. कडक पाती भिंतीवर टांगली आणि मधल्या जातीची घेतली. मिस्त्रींनी विचारलं तर म्हणाले, "विकायची आहेत, तर आधी वापरून बघायला नको?" महिन्याभरात तीही टांगली आणि त्या पिळदार माणसाला दिली होती तसली, नवशिक्याची मऊ पाती पायात चढवली. या वेळी मिस्त्रींनी काही विचारलं नाही. आत्यानंही नाही. जेवताना ताटात उरायला लागलं होतं. ती उरलेलं गुपचूप काढून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी कमी वाढायची, म्हणजे कमी उरेल.

थंडीत सूट पुन्हा सैल झाला, आता छातीतही. या वेळी मात्र टेप गुंडाळता गुंडाळता ती बोलली.

"एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

"हात दाखवून अवलक्षण कशाला? थंडी संपू दे."

"थंडी संपल्यावर नक्की?"

"अगं, जाऊ म्हटलं ना. तू आधी हे कर. परवा उतरायचंय."

ती बराच वेळ सूट मांडीवर घेऊन बसली. मग तिनं कात्री उचलली. त्यांच्या लेकीला, माझ्या आतेबहिणीला, कळवावं असं तिच्या मनात आलं होतं. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती. पण कळवलं की ती येणार, आदळआपट करणार, आणि मग जे आहे ते खरंच आहे असं होऊन बसणार. आत्यानं कळवलं नाही.

थंडी संपायच्या आतच ते झालं. समुद्र शांत होता. आतोबा खाली गेले, मिस्त्री वर थांबले. आतोबा वर यायला निघालेले मिस्त्रींना दिसले आणि मग अर्ध्या वाटेत त्यांचे पाय थांबले. अंगावरचं मांस झडलं होतं, खाली जाता यावं म्हणून कमरेच्या पट्ट्यात घालतात ते शिसं मात्र पूर्वीएवढंच, त्यामुळे ते हळूहळू पुन्हा खाली जाऊ लागले. मिस्त्री एका दमात खाली गेले, त्यांचा शिशाचा पट्टा सोडून दिला आणि काखेत धरून त्यांना वर आणलं. आतोबा शुद्धीवर होते, पण बोलता येत नव्हतं.

इस्पितळात नर्स सूट कापू लागली. ओलं रबर कात्रीला दाद देईना. आत्या तोवर येऊन पोचली होती. ती पुढे झाली आणि कुशीतल्या आपल्याच टाक्यांवर बोट ठेवून म्हणाली, "इथून कापा. इथून लवकर सुटेल."

संध्याकाळपर्यंत आतेबहीण आली. मीही होते. डॉक्टर तरुण होते, सौम्य बोलत होते. त्यांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

"महिना दीड महिना असेल," आतेबहीण म्हणाली. "मी मागे आले होते तेव्हा बाबा जरा ओढलेले वाटले."

मिस्त्रींनीही तसंच काहीतरी सांगितलं. मग आत्या म्हणाली, "पानगळीपासून. तेव्हा कमरेत दोन बोटं घेतला. थंडीत पुन्हा घेतला, छातीतही."

डॉक्टरांना आधी काय घेतला ते कळलं नाही. त्यांना समजावून सांगावं लागलं, आणि ते आत्यानंच सांगितलं, एखादं गिऱ्हाईक विचारतंय तसं, सावकाश. आतेबहीण भिंतीला टेकून ऐकत होती. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती बोलली.

"तुला ठाऊक होतं, आई."

"अंदाज होता."

"अंदाज आम्हाला असतो. तुझ्या हातात टेप होती."

आतेबहिणीनं खोलीच्या दाराकडे पाहून आवाज उतरवला.

"आणि तू शिवून दिलास. दोनदा."

"ते म्हणाले, थंडी संपू दे."

"ते म्हणणारच. तू का ऐकलंस?"

आत्या म्हणाली, "सूट नीट बसला की मला वाटायचं, चला, बसला."

आतेबहीण तिथून निघून गेली.

दुखणं पोटात होतं. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आला असतात तर," आणि आमचे चेहरे पाहून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. ते अर्धं वाक्य मग त्या घरात राहायला आलं.

आतोबांना घरी आणलं. त्यांच्या हट्टावरून पलंग दुकानातच टाकला, भिंतीवरच्या फिनांखाली, म्हणजे त्यांना रस्ता दिसावा. कुणी गिऱ्हाईक आलं तर ते उशीवरूनच विचारायचे, "रोज चालणं किती होतं?" माणसं त्यांच्याकडे बघून गडबडायची, काहीही उत्तर द्यायची आणि मिळेल ते घेऊन बाहेर पडायची. आतेबहीण दर आठवड्याला यायची. वडिलांचं सगळं करायची. आईशी औषधांपुरतं बोलायची.

हे आतोबांच्या लक्षात येत होतं. एक दिवस त्यांनी लेकीला जवळ बसवलं आणि म्हणाले, "तिला बोल लावू नकोस. कुणाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील, अशी शपथ घातली होती मी तिला. ती काय करणार?"

आतेबहीण थोडी विरघळली. ती मागच्या खोलीत गेली. आत्या कुणाच्या तरी सूटच्या गुडघ्याला ठिगळ लावत होती.

"बाबा म्हणतात त्यांनी तुला शपथ घातली होती."

आत्यानं वर पाहिलं.

"खरं का?"

एका शब्दाचं काम होतं. मधलं दार उघडं होतं; पलंगावरून आतोबा कान देऊन ऐकत होते, मी त्यांच्या पायाशी बसले होते. हो म्हण, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. बहुधा तेही म्हणत असतील.

"नाही," आत्या म्हणाली. "शपथबिपथ काही नव्हती. मलाच जायचं नव्हतं."

आतोबांनी डोळे मिटून घेतले. "हिला धंदा कधी जमला नाही," ते हळूच म्हणाले.

उन्हाळा तोंडावर आला असताना ते गेले. मिस्त्री त्यानंतर पाण्यात उतरले नाहीत. वर नजर ठेवायला कुणी नाही म्हणून, असं ते सांगायचे. त्यांनी आपला सूट आत्याला आणून दिला, आणि तिनं तो कुणाला दिला ते मला ठाऊक नाही.

आत्या एकटीनं दुकान चालवू लागली. पण आता ती वेगळीच झाली होती. जुनं गिऱ्हाईक सूट दुरुस्तीला घेऊन आलं की ती आधी त्याची मापं घ्यायची, आणि टेप जरा जरी आत गेली तरी तोंडावर सांगायची, "बारीक झालात. दाखवून घ्या." कुणी खरंच व्यायाम करून बारीक झालेलं असायचं, ते हिरमुसायचं. एकजण घाबरून सगळ्या तपासण्या करून आला, काहीच निघालं नाही, आणि दुकानात येऊन तिला वाटेल ते बोलून गेला. ती ऐकून घेत राहिली. तो दारापर्यंत गेल्यावर म्हणाली, "काही नाही निघालं ना? मग झालं तर." माणसं यायची कमी झाली. घरबसल्या मागवलेले तयार सूट तोवर गल्लीत दिसायला लागले होतेच. एक दिवस तिनं मागच्या खोलीची ती खिडकी लावून घेतली. मग दुकानही बंद झालं.

आतेबहिणीनं तिला आपल्या गावी नेलं. ती कर्तव्याला चुकणारी नव्हती. तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, दोघी राहतात. मी मध्ये जाऊन आले. एकमेकींना चहा विचारतात, दुपारी एकत्र जेवतात, विजेच्या बिलावर आणि शेजारणीच्या कुत्र्यावर बोलतात. आवाज कुणी चढवत नाही. पाहुण्याला वाटावं, किती गोडीनं राहतात.

मी होते त्याच दिवशी आतेबहीण कामावरून आली आणि ओढणी खुंटीला अडकवायला वळली. नव्या नोकरीत तिची धावपळ फार होती, ती वाळली होती, माझ्याही डोळ्यांना ते दिसत होतं. आत्या तिच्या पाठीकडे, खांद्यांकडे बघत होती.

"तू..." ती म्हणाली.

"आई, नको," आतेबहीण मागे न वळता म्हणाली.

तेवढंच. ती हातपाय धुवायला गेली. आत नळ सुरू झाला. आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिनं मला विचारलं, "तुझी गाडी किती वाजता आहे? डबा भरून देऊ का?"