फुलदाणीची मागची बाजू

नाटक कंपनीत सामानकाकांना कुणी त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारल्याचं कुणालाच आठवत नाही. राजाचा मुकुट, गरिबाचा कंदील, खुनाची सुरी आणि प्रेमाची चिठ्ठी, नाटकाला लागणारं सगळं सामान अडतीस वर्षं त्यांच्या हातून रंगमंचावर गेलं. पुठ्ठ्याचं सोनं करणारा हात. खोड एकच. काकांच्या कुठल्याही वस्तूला मागची बाजू नसायची. प्रेक्षकांना जे दिसत नाही त्याला रंग कशाला, असं त्यांचं रोखठोक म्हणणं. घरातलं कपाटही त्यांनीच केलेलं. समोरून शिसवी, मागून खोक्याच्या फळ्या. काकू आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्याकडे सगळं समोरूनच बघायचं. यांच्यासकट."

काका निवृत्त झाले त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. आणि काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पुरते चार दिवसही झाले नव्हते, तेव्हा दिग्दर्शक घरी आला. कंपनी एक जुनं नाटक पुन्हा उभं करत होती. महिनाभर, रोज एक, असे तीस प्रयोग. तिसऱ्या अंकात नायिका नवऱ्याच्या पायाशी फुलदाणी आपटते, त्या आवाजावर सबंध अंक उभा. बाजारातून आणलेली पहिली फुलदाणी चेंडूसारखी उसळली, दुसरीची कपची तालमीतच नटीच्या टाचेत घुसली. त्या प्रवेशात ती अनवाणी असते. तेव्हा काका, तुमच्याशिवाय गत्यंतर नाही, असं म्हणून त्यानं हात जोडले.

नाटकाचं नाव ऐकून काकांनी हळूच काकूंकडे पाहिलं. काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या.

गोष्ट एकेचाळीस वर्षांपूर्वीची. याच नाटकाचा पहिला प्रयोग. खोटी फुलदाणी टेम्पोतच फुटली आणि पडदा वर जायला दीड तास उरला. काका धावत घरी गेले. काकू आतल्या खोलीत नाटकाला जायची तयारी करत होत्या, लग्नाला जेमतेम आठ महिने झालेले. फळीवर त्यांच्या आईनं दिलेली फुलदाणी होती, पांढरी, निळ्या फुलांची. काकांनी ती टॉवेलात गुंडाळली आणि आल्या पावली परत गेले. बायकोला सांगितलं नाही. वेळ नव्हता, असं ते स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे ती नाही म्हणाली असती.

काकू तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. फुलदाणी फुटली, थिएटर टाळ्यांनी दणाणलं, आणि त्यांनी आपल्या आईची वस्तू ओळखली. घरी आल्यावर आदळआपट नाही, रडणं नाही, काही नाही. फक्त त्यानंतर त्यांनी थिएटरची पायरी चढली नाही. येतेस का, असं काका प्रत्येक नव्या नाटकाला विचारत, आणि घरात कामं आहेत हे उत्तर प्रत्येक वेळी तयार असे. संसार झाला, मुलगी मोठी होऊन परगावी गेली, कामं काही संपली नाहीत.

दिग्दर्शकाला काका नाही म्हणणार, एवढ्यात खिडकीकडे तोंड करूनच काकू म्हणाल्या, "करा की. पण इथं, घरात करा. मला पाणी द्यायला माणूस लागतं."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर कारखाना सुरू झाला. साच्याचे दोन अर्धे भाग, त्यांना आतून साबणाचं पाणी फासायचं, दोरीनं आवळून बांधायचे, आणि वरून प्लास्टरचा घोळ ओतून साचा गोल गोल फिरवायचा, म्हणजे कडेला पातळ कवच धरतं. उरलेला घोळ ओतून द्यायचा. घट्ट व्हायच्या आत अरुंद मानेतून वाकवलेला खिळा घालून आतल्या बाजूनं तीन चिरा पाडायच्या, अगदी नखाएवढ्या. चिरा बरोबर पडल्या तर फुलदाणी तीन मोठ्या तुकड्यांत फुटते. चुकल्या की शंभर तुकडे होतात, आणि ते अनवाणी पायाची वाट बघत बसतात. आज केलेली फुलदाणी खिडकीत वाळायची आणि उद्याच्या प्रयोगाला जायची.

काका कामाला बसले की आजूबाजूचं भान नसे. काकू पाय लांब करून समोरच्या खुर्चीत. बघायचं नाही म्हटलं तरी बघणार कुठे? सहा दिवस त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. सातव्या दिवशी काका निळी फुलं काढत होते तेव्हा आवाज आला.

"पाच पाकळ्या होत्या."

काकांचा ब्रश थांबला.

"तुम्ही सहा काढताय. आणि देठ असा काठीसारखा नव्हता. द्या इकडे."

त्या दिवसापासून रंगवणं काकूंकडे गेलं. हाताला सवय नव्हती, पहिले दोन दिवस फुलांचे कोबी झाले. मग हात बसला. पुढची बाजू झाली की त्या फुलदाणी फिरवायच्या आणि मागेही काहीतरी काढत बसायच्या. काकांनी एकदा वाकून पाहिलं. मागे एकच फूल होतं, तेही अर्धवट. दोन पाकळ्या आणि पुढे नुसती पांढरी जागा.

"पुरं कर ना," काका म्हणाले.

"असंच होतं. आई म्हणायची, रंगवणारा चहाला गेला तो परत आलाच नाही." काकूंनी ब्रश पाण्यात बुडवला. "तुम्हाला कुठून ठाऊक असणार? तुम्ही कधी मागून बघितलीच नव्हती."

काकांनी यावर मान खाली घालून साबणाचं पाणी ढवळलं.

वाळायला ठेवायची खिडकी टेबलापासून नऊ पावलांवर. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, आणि काकू चालायचं म्हटलं की कण्हत असत. पण आपण रंगवलेली फुलदाणी काकांच्या धांदरट हातात द्यायला त्यांचा जीव होईना. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फुलदाणी, अशी त्यांनी ती नऊ पावलं टाकायला सुरुवात केली. प्रयोग विसाव्याच्या पुढे गेले तशी काठी नुसतीच सोबतीला उरली. काका रोज संध्याकाळी थिएटरातून आले की त्या विचारायच्या, किती तुकडे? तीन, म्हटलं की समाधानानं मान हलवायच्या. एके दिवशी चार झाले तर त्यांनी खिळाच तपासायला मागितला.

एकोणतिसाव्या प्रयोगाच्या दिवशी, काकांनी न विचारताच, त्या म्हणाल्या, "उद्याचा प्रयोग दुपारचा ना? तिसऱ्या रांगेतली खुर्ची बघा. कडेची. पाय लांब करता आला पाहिजे."

काकांनी उगीचच दोनदा हात धुतले.

शेवटची फुलदाणी काकूंनी सगळा दिवस खपून रंगवली होती. निळ्या रंगात थोडा पांढरा मिसळला, पाकळ्यांना कडा दिल्या. ती खोक्यात भरताना काकांचा हात अडखळला. इतक्या वर्षांनी ती वस्तू घरात परत आली होती, आणि ही पुन्हा फोडायची? सुरुवातीला स्वतः रंगवलेली एक जादा फुलदाणी कपाटावर पडून होती. काकांनी ती नटीला दिली, आणि काकूंची फुलदाणी थिएटरातल्या सामानाच्या खोलीत टॉवेलात गुंडाळून ठेवली. मनात म्हणाले, उद्या सकाळी तिला दाखवू, खूश होईल.

तिसरा अंक आला. नटीनं फुलदाणी उचलली, डोक्यावर धरली, नवऱ्याकडे वळली. वळताना मागची बाजू क्षणभर कडेच्या प्रेक्षकांकडे येते, हे काकूंनी काकांकडूनच ऐकलेलं. म्हणून तर ती कडेची खुर्ची. त्यांनी मान पुढे काढली.

मागची बाजू कोरी होती.

फुलदाणी फुटली, तीन तुकडे, टाळ्या. विंगेतून काकांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सगळे टाळ्या वाजवत होते. काकूंचे हात मांडीवर होते.

पडदा पडल्यावर नटी धावत येऊन काकूंच्या पाया पडली, काकू, महिनाभर तुमची फुलं रोज हातात घेत होते, असं म्हणाली. काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला, टाच बरी झाली का विचारलं. ती गेल्यावर त्या रिकाम्या थिएटरात काकांकडे वळल्या.

"माझी कुठंय?"

"ठेवलीय. आत आहे. अगं, मनच झालं नाही माझं."

"त्या वेळी न विचारता फोडलीत. या वेळी न विचारता राखलीत." काकूंचा आवाज चढला नव्हता. "मी आज बघायला आले होते. माझ्या हातानं दिलेली, फुटताना. मग ते एकदाचं संपलं असतं."

अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या भांडणांना सामान पुरवलेल्या माणसाला स्वतःच्या भांडणात काय हातात धरावं ते कळेना. ते आत गेले. टॉवेलातली फुलदाणी घेऊन आले आणि काकूंच्या समोर उभे राहिले. प्रयोग संपलेले, माणसं नेपथ्याच्या भिंती उतरवत होती. आता विचारण्यात काही अर्थ नाही, हे कळत असूनही त्यांनी विचारलं.

"ही फोडायला घेऊ का?"

काकूंनी फुलदाणी हातात घेतली. फिरवली. दोन पाकळ्यांवरून अंगठा फिरवला. आता ही हो म्हणाली तर त्या क्षणी, तिथंच, तिच्यासमोर काका ती फोडणार होते.

"नको," काकू म्हणाल्या. मग काठी काकांच्या हातात दिली, त्यांचा दंड धरला आणि उठल्या. "चला. पायऱ्या उतरायच्यात अजून."

फुलदाणी आता घरात त्याच फळीवर आहे. तिच्यात पाणी घालता येत नाही, प्लास्टर विरघळेल, म्हणून ती रिकामीच असते. सकाळी धूळ पुसताना काकांचा हात सवयीनं पुढची, पाच पाकळ्यांच्या फुलांची बाजू खोलीकडे करून ठेवतो. काकू काठीशिवाय उठतात, फळीपाशी जातात, आणि ती फिरवून ठेवतात.