आधी धूर, मग गूळ

आमचे साहेब कर्जाची फाईल उघडण्याआधी अर्जदाराचा धूर बघत. खोटं वाटेल, पण पलूसच्या शाखेत मी कर्ज अधिकारी म्हणून रुजू झालो त्याच दिवशी त्यांनी एका गुऱ्हाळवाल्याची जाडजूड फाईल न वाचताच बाजूला सारली. म्हणाले, "चल रं, धूर बघून येऊ." मी हबकलोच. बँकेच्या प्रशिक्षणात धुराचा विषय कुणी काढलाच नव्हता.

तेव्हा पर्यावरणपूरक कर्जांचा जोर होता. कमी जळणात चालणारं नवं चुलवाण, म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी, बांधा, बँक कमी व्याजानं पैसे देईल. वरच्या कार्यालयाचा समज असा, की असलं कर्ज बुडतच नाही. साहेब फोनवर "व्हय, व्हय" म्हणत आणि मोटारसायकल बाहेर काढत. न कळवता जायचं, तेही काहिलीत रस उकळत असताना, हा त्यांचा नेम.

त्या गुऱ्हाळाचा धूर काळाकुट्ट होता. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. साहेबांनी बांधावरच गाडी थांबवली.

"उसाची चिपाडं जाळली की धूर पांढरा. ह्यो टायर जाळतोय. म्हंजे चिपाडं आधीच इकली, हात लय आखडलाय. उद्या कुणी तक्रार केली की चुलवाणाला टाळं. मग हप्ता कोण भरणार?"

मालकानं गरम गूळ पुढं केला, तर साहेबांनी ताट परत सारलं. निर्णयाआधी गूळ खायचा नाही, हा दुसरा नेम. मी मनात म्हटलं, म्हातारा चक्रम आहे. कारण कागद चाळून मी त्या फाईलची शिफारस करायचं ठरवून टाकलं होतं. साहेबांनी कर्ज नाकारलं. हंगाम संपायच्या आत त्या गुऱ्हाळाला खरंच टाळं लागलं आणि तेव्हापासून मीही आधी धूर बघू लागलो.

साहेब निवृत्त झाले. आता त्यांच्या खुर्चीत मी बसतो. गेल्या महिन्यात चुलवाणाच्या कर्जासाठी एक अर्ज आला, कागदपत्रं अगदी चोख. अर्जदाराचं नाव वाचून मला आनंद झाला. साहेबांचाच मुलगा. तरी सवयीनं न कळवता गेलो. लांबूनच धूर दिसला. काळा होता.

साहेब गुऱ्हाळाच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते. मुलानं लगबगीनं गुळाचं ताट आणलं. ज्या माणसानं मला ही नजर दिली, त्याच्याच घरावर ती रोखायची? मी म्हटलं, साहेब, पुन्हा कधीतरी येतो, आज काही बघितलंच नाही असं समजू.

साहेबांनी मुलाच्या हातातलं ताट खाली ठेवायला लावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघितलंयस न्हवं? मग तसंच लिही."

दुसऱ्या दिवशी मी नकार लिहून मुलाला कळवला. तासाभरानं साहेब स्वतः शाखेत आले, माझ्या टेबलावर डबा ठेवला आणि झाकण काढलं. आत गुळाचा खडा होता.

"खा आता," म्हणाले.