आईची गाठ आणि आक्काच्या गोळ्या

माझी थोरली बहीण, आमची आक्का, पुणतांब्याला राहते. दोन म्हशी, दीड एकर पेरूची बाग आणि दिवसभर तोंडाचा पट्टा. तो पट्टा थंडावला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पाठ दुखते, जेवण जात नाही, एवढंच ती फोनवर सांगायची. मी श्रीरामपूरला शाळेत नोकरीला. एका रविवारी जाऊन पाहिलं, तर तिच्या बांगड्या पार कोपराकडे सरकत होत्या.

नगरला तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला; ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. दाजींनी मला जिन्यात गाठलं आणि तिला अल्सर म्हणून सांगू म्हणाले. मीही मान हलवली. पण गाडीत बसल्यावर आक्कानेच विचारलं, "क्यान्सर हाय ना?"

मी हो म्हणाले. राहुरी मागे पडल्यावर ती म्हणाली, "मग इलाज काय हाय त्ये इचारा. माझ्यापासून लपवू नगा."

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला कॅन्सर होता का? मी लगेच नाही म्हणाले. मी आठवीत असताना आई गेली होती, तापाने. निदान मला तरी तसंच सांगितलं होतं.

"आईला व्हता," आक्का म्हणाली. "छातीत गाठ व्हती. फुटली व्हती. तिच्या चोळ्या मीच धुवायचे. कुनाला सांगू नको म्हनली व्हती."

मला आधी रागच आला. चाळीस वर्षं ही गप्प कशी राहिली? मग लक्षात आलं, तेव्हा ती स्वतः एकोणीस वर्षांची होती.

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. आईचं तेव्हाचं वय विचारलं, मावश्यांचं विचारलं आणि जनुकांच्या तपासणीसाठी आक्काचं रक्त घेतलं. रिपोर्टची वाट न पाहता केमो सुरू झाली. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. पेशीतली मोडतोड दुरुस्त करणारा एक जनुक आक्कामध्ये जन्मापासून बिघडलेला होता. बहुधा आईकडून आलेला.

मी हबकले, पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलला होता. त्यांनी समजावलं की अशा कॅन्सरच्या पेशीही दुरुस्तीत कच्च्या असतात. चालू केमो त्यांच्यावर चांगली लागू पडते. आजार आटोक्यात आला तर पुढे गोळ्या देता येतात, आणि त्या नेमका त्या कच्चेपणाचाच फायदा घेतात. "मी शिकत होते तेव्हा या आजारावर ह्या गोळ्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. आजार मुळासकट जाईल असा शब्द मात्र त्यांनी दिला नाही.

केमोचे महिने वाईट गेले. दर खेपेला थेंबथेंब औषध शिरेत सोडणारी बाटली कमरेला बांधून ती दोन दिवस घरी वावरायची. थंड पाण्याला हात लागला की बोटांत सुया टोचायच्या. गोठ्यात जायला मनाई, म्हणून ओट्यावर बसून ती दाजींना धार कशी काढायची ते शिकवायची आणि दाजी, पस्तीस-चाळीस वर्षांचा संसार झालेला माणूस, मुकाट ऐकायचे. सहाव्या महिन्यात स्कॅन झाला. यकृतावरचे डाग बरेच आटले होते.

मग गोळ्या सुरू झाल्या, सकाळ-संध्याकाळ. मध्ये रक्त कमी झालं, एक बाटली चढवावी लागली, डोस उतरवला. त्याला आता दीड वर्ष होतंय. वजन भरलंय. फोनवर ती पुन्हा मला बोलू देत नाही.

माझंही रक्त तपासायला हवं होतं. मी दोन महिने आज-उद्या करत राहिले. शेवटी आक्का एकटी एसटीने श्रीरामपूरला आली आणि मला घेऊनच गेली. माझ्यातही तोच बिघाड निघाला. मी रडले. तिने रडू दिलं, मग म्हणाली, "तुला रोग न्हाई झाला, निस्तं आधी कळलंय. आईला कुनी सांगितलं असतं तर?"

आता दर वर्षी माझ्या तपासण्या असतात. गेल्या महिन्यात पहिली होती. आक्का डबा घेऊन सोबत आली. तिथल्या नर्सबाई तिच्या ओळखीच्या, कुठे पाणी, कुठे फाईल द्यायची सगळं तिला पाठ. मी दाराजवळच्या बाकावर टेकले, तर तिने दंडाला धरून उठवलं.

"हितं नगं," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यात बस. तिथला पंखा चालतो."