होल्स्टर, होल्डर आणि रिमार्क कॉलम

माझ्या टेबलावर तीन होल्डर पडले होते. लेथ मशीनवर कटिंग टूल घट्ट पकडून ठेवतात ना, ते लोखंडी टूल होल्डर. तेलकट कागदात गुंडाळलेले, एकेक चांगला पाऊण किलोचा. समोर पवारमामा उभे होते. त्यातला एक उचलून त्यांनी उलटापालटा करून पाहिला.

"ताई, हे कमरंला बांधायचं कसं?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

ही दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. नाशकात अंबडला एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मी परचेस ऑफिसर होते. खिळ्यापासून क्रेनपर्यंत जे काही लागेल ते विकत घ्यायचं, आणि ते उशिरा आलं की सगळ्यांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. पवारमामा म्हणजे आमच्या एमडी साहेबांचे ड्रायव्हर-कम-गनमॅन. कळवणकडचे, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, रिव्हॉल्व्हर स्वतःच्या लायसन्सचं. गाडीही त्यांनीच चालवायची आणि साहेबांचं रक्षणही त्यांनीच करायचं. साहेबांना नक्की कुणापासून धोका होता ते मला आजतागायत कळलेलं नाही. एकदा गेटवर युनियनने घोषणा दिल्या, त्यात साहेबांच्या आडनावाचं यमक फार छान जुळलं होतं, एवढंच. पण शेजारच्या प्लॉटवरच्या मालकाने गनमॅन ठेवला होता. मग आमच्याकडेही धोका निर्माण झाला.

मामांना हवं होतं नवं होल्स्टर, म्हणजे कमरेला रिव्हॉल्व्हर अडकवायचं चामड्याचं कव्हर. इंग्रजी फॉर्म त्यांना भरता येईना, म्हणून त्यांचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, मीच लिहून दिला. टायपिस्टने तो वाचला आणि मॅडमचं स्पेलिंग चुकलं असं समजून मोठ्या मनाने दुरुस्त केला. आमच्या कारखान्यात होल्डर सर्वांना माहीत. होल्स्टर कुणाच्या बापाने पाहिलंय? सप्लायर तीनच्या खाली देत नाही म्हणून तीन नग आले, इन्स्पेक्शनवाल्यांनी मापं घेतली आणि हिरवा स्टिकर चिकटवला. त्यावर लिहिलं होतं, 'सिक्युरिटी विभाग. वापरास योग्य.'

मला हसू आवरेना. मामा मात्र हसत नव्हते.

"ताई, चेष्टा नका करू. पाय लय बधिर व्हतो हो माझा."

"कुठला पाय?"

"उजवा. घोटी गावापतुर ठीक असतो. कसारा घाट उतरायला लागलो का मुंग्या येत्यात. मंग पाय हाय का नाय तेच कळत नाय."

"आणि ब्रेक कुठल्या पायाने मारता?"

"त्योच की."

माझं हसू तिथेच विरलं. आठवड्यातून तीनदा ही गाडी मुंबईला जात-येत होती.

कारण साधं होतं. ड्रायव्हर बसतो उजवीकडे, आणि फौजेच्या सवयीने रिव्हॉल्व्हर उजव्या कमरेला. एका अंगाला गाडीचं दार, दुसऱ्या अंगाला कमरेचं हाड आणि मधोमध लोखंड, त्यावर सीट बेल्टचा पट्टा आवळलेला. उभं राहून पहारा द्यायला ते कव्हर झकास. चार तास बसून गाडी चालवायला ते बनवलेलंच नव्हतं.

मी आमचे जनरल मॅनेजर सामंतसाहेब यांच्याकडे गेले. शर्टाच्या खिशात चार पेनं, आणि प्रत्येक प्रश्नावर एकच उत्तर, ते म्हणजे मेमो.

"नवं होल्स्टर कशाला मॅडम? माणूस बदला. पन्नाशी उलटली की हे असंच चालू होतं. एक तारखेला त्याचं मेडिकल लावतो. अनफिट निघाला तर काँट्रॅक्ट संपलं."

"साहेब, दोष माणसात नाही, कव्हरात आहे."

"मग सिद्ध करा. प्रोसिजरप्रमाणे. स्पेसिफिकेशन, तीन कोटेशन्स, कंपॅरेटिव्ह."

एक तारखेला अजून चोवीस दिवस होते. मामांची धाकटी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. बापलेक पंचवटीत एका खोलीत राहायचे. नोकरी गेली असती तर खोलीही गेली असती आणि पोरीला शिक्षण सोडून कळवणला परतावं लागलं असतं. मामा मला तोंडाने एकदाही तसं म्हणाले नाहीत. म्हणून मला जास्तच वाईट वाटत होतं.

तेव्हा आमच्याकडे क्वालिटी सर्टिफिकेटचं वारं शिरलं होतं. पाणी प्यायचा माठ बदलायचा तरी त्याचं स्पेसिफिकेशन लागे. म्हटलं, ठीक आहे, होऊन जाऊ दे. पॅकिंगच्या सुताराकडून मामांच्या रिव्हॉल्व्हरच्या मापाचं लाकडी मॉडेल करून घेतलं आणि लंच टाइमला पार्किंगमध्ये साहेबांच्या गाडीत ट्रायल घेतली. आधी मामा बसले. मग म्हटलं, आपणच बसून पाहू. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी साडी, वरून सुताराचा पट्टा, पट्ट्यात लाकडी रिव्हॉल्व्हर, आणि अशी मी स्टिअरिंगला! सगळं कँटीन हातात ताटं घेऊन बघायला आलं. त्यानंतर दोन महिने तरी एकाही सप्लायरने माल उशिरा पाठवला नाही.

उजव्या कमरेला ठेवून पाहिलं. पाच मिनिटांत कळ आली. पाठीमागे खोचलं तर बत्त्यावर बसल्यासारखं वाटे. घोट्याला बांधलं तर क्लच दाबताना अडे. शेवटी मामांनी ते डाव्या बाजूला, पोटाच्या थोडं अलीकडे, तिरकं लावलं. मूठ उजवीकडे, नळी खाली डावीकडे. याला क्रॉस ड्रॉ म्हणतात. उजवा हात स्टिअरिंगवरून खाली आणला की मूठ थेट हातात येते. कंबर मोकळी, पाय मोकळा, सीट बेल्टचं बकलही चार बोटं मागे राहतं.

"अग्गं माय! ताई, हे तर खुर्चीत बसल्यावानी वाटतंय," मामा म्हणाले.

आता तीन कोटेशन्स. गावात बंदुकांचं दुकान एकच. त्यांच्याकडे कमरेचं नव्हतं, खांद्याचं होतं. पट्टे दोन्ही खांद्यांवरून, रिव्हॉल्व्हर डाव्या काखेत आडवं, आणि सोबत गॉगल घातलेल्या गोऱ्या माणसाचा रंगीत फोटो. दुसरे रफिकभाई, जुन्या नाशकात टांग्याच्या घोड्यांचे साज शिवणारे. तिसरं कोटेशन मिळेचना, म्हणून एका सीट कव्हरवाल्याला गळ घातली. त्याने लिहून दिलं की पाचांचा सेट घेतल्यास डॅशबोर्डवरचा नॅपकिन फ्री.

रफिकभाईंनी लाकडी मॉडेल हातात घेतलं, मामांना स्टुलावर बसवलं, पाय लांब करायला लावले आणि सुतळीने मापं घेतली. उभ्याने घेतलेलं माप त्यांना मान्यच नव्हतं.

"देखो मॅडम, घोड्याला पट्टा टोचला तर तो लाथ मारतो. माणूस मारत नाही ना, म्हणून माणसाचा साज कोणी नीट करत नाही."

चामडं ओलं करून मॉडेलवर ताणायचं, तसंच वाळू द्यायचं, म्हणजे ते त्याच आकारात बसतं, असं त्यांनी मला समजावलं. चार दिवसांत देतो म्हणाले.

मी कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट केलं. म्हणजे तिन्ही कोटेशन्स एका कागदावर शेजारी शेजारी मांडायची आणि शेवटी एक रिमार्क कॉलम असतो, त्यात आपलं मत लिहायचं. मी स्वच्छ लिहिलं, 'खांद्याच्या होल्स्टरमध्ये नळी आडवी राहते. गाडी चालवताना तिचं तोंड मागच्या सीटकडे. शिफारस, क्रमांक दोन.' मागच्या सीटवर एमडी साहेब बसायचे. याहून सोपं कसं लिहिणार?

सामंतसाहेबांनी गॉगलवाल्याचा फोटो पाहिला आणि तिथेच विरघळले.

"हे घ्या. साहेबांच्या शेजारी माणूस उभा राहिला की रुबाब दिसला पाहिजे. घोड्याचा साज कसला आणताय!"

"साहेब, रिमार्क वाचलात का?"

"वाचतो हो नंतर." आणि सही ठोकली.

मी तिथेच अडून बसायला हवं होतं. नाही बसले. राग आला होता, आणि घोड्याचा साज हा शब्द मला फार लागला होता. मामांना मात्र नळीचं सांगून ठेवलं. ते नुसते "बरं" म्हणाले.

पुढचा आठवडा मामा काखेत रिव्हॉल्व्हर आणि त्यावर जाकीट घालून फिरले. उकाड्याने जीव नकोसा झाला, पण पाय ठीक होता. सामंतसाहेब दर वेळी पुढच्या सीटवर, मामांच्या शेजारी बसून मुंबईला जायचे आणि मागे वळून वळून साहेबांना म्हणायचे, "काय पर्सनॅलिटी आलीय बघा सर!"

तिसऱ्या फेरीला इगतपुरीच्या पुढे मामांना जाकीट सहन होईना. साहेबांना विचारून त्यांनी गाडी बाजूला घेतली, जाकीट काढलं आणि परत बसले. एमडी साहेब पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. पुढचं सगळं मला मामांनीच सांगितलं.

"पवार, ते भोक कसलं आहे?"

"नळीचं तोंड हाय साहेब."

"ते माझ्याकडे का बघतंय?"

"कव्हरच तसं हाय साहेब."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"अहो, आणि गोळ्या?"

"माझ्या खिशात हायेत साहेब. तुमच्याकडं तोंड असताना भरून ठिवू का?"

म्हणजे आठवडाभर आमच्या एमडींचं रक्षण रिकाम्या रिव्हॉल्व्हरने झालं होतं. शत्रू आला असता तर मामा आधी खिसे चाचपणार होते. गाडी तिथूनच मागे फिरली. मुंबईची मीटिंग रद्द झाली आणि दुपारी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

सामंतसाहेबांनी सुरुवात जोरात केली. "सर, रिकामं हत्यार घेऊन फिरतो हा माणूस! फसवणूक आहे ही. मी आधीच म्हणत होतो, याला काढा. एक तारखेची वाट कशाला, आजच काढा."

मामा दाराशी ताठ उभे होते. टोपी हातात, नजर भिंतीवर. फौजेत शिक्षा ऐकायला असेच उभे राहत असतील. मला ती नर्सिंगची पोर आठवली. बोलले असते तर रडले असते. फाइल उघडली आणि तो कागद एमडी साहेबांसमोर ठेवला.

त्यांनी शेवटचा कॉलम वाचला. पुन्हा वाचला. मग बोट खाली सरकवत सहीपाशी आणलं.

"सामंत, ही तुमची सही?"

"सर, ते... घाईत..."

"म्हणजे तुम्ही वाचून सही केलीत, की न वाचता?"

दोन्ही उत्तरं वाईट होती.

एमडी साहेब मामांकडे वळले. "पवार, तुम्हाला कुठलं हवंय?"

"रफिकभाईचं साहेब. डाव्या अंगाचं. त्यात गोळ्या भरून ठिवता येतील."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, त्यात नळीचं तोंड कुठे असतं?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "खाली, डावीकडे सर. हँडब्रेकच्या बाजूला."

"म्हणजे मागच्या सीटकडे नाही ना?"

"अजिबात नाही. पुढच्या, डावीकडच्या सीटच्या बाजूला."

"तिथे कोण बसतं?"

सामंतसाहेबांनी खिशातली चारही पेनं सरळ केली.

एमडी साहेबांनी क्षणभर विचार केला. "चालेल," ते म्हणाले आणि सही केली.

रफिकभाईंनी सांगितल्याप्रमाणे चार दिवसांत कव्हर दिलं. एक तारखेच्या मेडिकलमध्ये मामा फिट निघाले. पुढे साहेबांची गाडी त्यांनीच चालवली, पोरगी नर्स होऊन सरकारी दवाखान्यात लागेपर्यंत आणि त्यानंतरही. पेढे द्यायला आली तेव्हा मामांनी तिला माझ्या पाया पडायला लावलं, आणि मी टेबलाखाली काहीतरी शोधतेय असं दाखवून डोळे पुसले. सामंतसाहेबांना मात्र त्या दिवसानंतर साहेबांच्या गाडीतून जायला कधी जमलं नाही. कुठेतरी आधी थांबायचं असायचं, म्हणून ते आपली गाडी वेगळी काढायचे.

ते तीन टूल होल्डर मी रिटायर झाले त्या दिवशीही स्टोअरच्या रॅकवर होते, हिरव्या स्टिकरसकट. माझ्या जागी आलेल्या मुलीला चार्ज देताना मी ते दाखवले आणि एकच गोष्ट सांगितली. रिमार्क कॉलम कधी रिकामा सोडू नकोस. तो कुणी वाचत नाही, पण सही त्याच्याच खाली करावी लागते.